५६ फ्लॅटची सोसायटी, कॉमन मीटरचा कार्बन कमी करायचाय: आधी सोलर की आधी पंप?

बी_विंग_सचिव:
पुण्यातली इमारत, पार्किंग + ७ मजले. कॉमन मीटरवर महिन्याला साधारण १,९०० युनिट, मंजूर भार २५ किलोवॅट. पार्किंग आणि जिन्यात चोकवाल्या ३६ वॉटच्या ६० ट्यूब, रोज ११ तास. पाण्याचा पंप ७.५ एचपी, रोज ३ तास. क्लॅम्प मीटरवर १०.५ अँपिअर. २ लिफ्ट. खालच्या टाकीतल्या पाण्यापासून वरच्या टाकीच्या तोंडापर्यंत उंची २८ मीटर, पाणी रोज ३० हजार लिटर. १६ किलोवॅट सोलरचं कोटेशन आलंय. सभेत काहींचं म्हणणं, सोलर बसवा आणि विषय संपवा. खरंच संपतो का?

उपसा:
तुमच्या आकड्यांत सगळ्यात खटकणारा आकडा पंपाचा आहे.

१,००० लिटर पाणी १ मीटर चढवायला ०.००२७ युनिट लागतात. तुमची उंची २८ मीटर, पाइपातलं घर्षण धरा ४ मीटर, म्हणजे हेड (पंपाला पार करायची एकूण उंची) ३२ मीटर. ३० हजार लिटरला हिशोबाने २.६ युनिट. थ्री फेजवर १०.५ अँपिअर म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८ धरून ६ किलोवॅट, ३ तासांत १८ युनिट. एकूण कार्यक्षमता १४-१५ टक्के! बरा पंपसेट ४० टक्क्यांच्या आसपास देतो.

पंपाच्या डिलिव्हरीचा, म्हणजे वर जाणाऱ्या पाइपवरचा, गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे का बघा. बहुतेक असणारच. पाटीवर ५०-६० मीटर हेड लिहिलेला पंप ३२ मीटरवर चालवला की तो जास्त पाणी फेकतो, मोटर ओव्हरलोड होऊन ट्रिप होते. मग प्लंबर व्हॉल्व्ह आवळतो आणि सगळे खूश. उरलेलं हेड त्या व्हॉल्व्हमध्येच वाया जातं.

तुम्हाला ताशी १० हजार लिटर, ३५ मीटर हेडवर, एवढंच हवंय. ३ एचपी पुरतो. दुकानदाराला एचपी सांगू नका, हे दोन आकडे सांगा आणि कंपनीचा कर्व्ह (कोणत्या हेडवर पंप किती पाणी देतो त्याचा आलेख) मागा. हा बिंदू कर्व्हच्या मधल्या भागात, सर्वाधिक कार्यक्षमतेजवळ यायला हवा. डिलिव्हरी पाइप २ इंची हवा. दीड इंचीत वेग सेकंदाला २ मीटरच्या वर जातो आणि घर्षणाचं गणित बिघडतं. फूटव्हॉल्व्हची (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावरच्या व्हॉल्व्हची) जाळी त्याच वेळी साफ करून घ्या. १८ युनिटांचे ७ होतील.

गच्चीवरचं_ऊन:
ट्यूबचा हिशोब मी करतो. ३६ वॉटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट ५० वॉट खाते. ६० × ५० × ११ तास = ३३ युनिट रोज, म्हणजे बिलाचा निम्मा भाग. १८ वॉटच्या एलईडी लावल्या की १२. बसवताना स्टार्टर आणि चोक काढूनच टाका. चोक तसाच ठेवला तर तो वीजही खातो आणि कधीकधी एलईडीचा ड्रायव्हरही जाळतो. पार्किंगमध्ये दर तिसरी ट्यूब कायम चालू, बाकीच्या सेन्सरवर. जिन्यात पीआयआर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) सेन्सर घ्या. मायक्रोवेव्ह सेन्सर पातळ दारापलीकडची हालचालही टिपतो, दिवा विझतच नाही.

म्हणजे आज रोजचे ६३ युनिट आहेत ते तिसाच्या आसपास येतील. १ किलोवॅट सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. १६ ऐवजी ८ किलोवॅटमध्ये बिल भागतं.

तरीही १६ रद्द करू नका असं माझं मत. ग्रिडच्या युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो; तुमचं जास्तीचं युनिट शेजारच्या इमारतीत वापरलं गेलं तरी तेवढी कोळशाची वीज वाचते. पैशात मात्र तोटा, कारण ३१ मार्चला उरलेल्या युनिटांना किरकोळ दर मिळतो. पार्किंगमध्ये गाड्यांचं चार्जिंग येणार असेल तर हा प्रश्नच उरत नाही. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, चार्जिंगही त्यात धरतात. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

एक खोच: सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. पंप छोटा केला म्हणून उत्साहात मंजूर भार कमी करून घ्याल आणि नेट मीटरिंगचा (जास्तीची सोलर वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेण्याचा) अर्ज अडकेल. आधी सोलर मंजूर करून घ्या. आणि १६ किलोवॅटला १,६०० चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते. वरची टाकी आणि लिफ्टची खोली यांची डिसेंबरमधली सावली मोजा, ती सगळ्यात लांब पडते.

गारवा:
कॉमन मीटरचं वर्षाचं उत्सर्जन साधारण १६ टन. ५६ घरांतल्या एसींचं काय?

एसीतल्या आर-४१०ए गॅसचा १ किलो हवेत सोडला तर तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो. वर उपसा यांनी पंपातून वाचवलेल्या वर्षभराच्या उत्सर्जनाचा पाऊण हिस्सा एका एसीत गेला. घर बदलताना किंवा रंगकामाला एसी काढताना बरेच मेकॅनिक नट सैल करून गॅस उडवून देतात. समोर उभं राहून पंप डाऊन करून घ्या, म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून कोंडून ठेवायचा: एसी कूलिंगवर चालू, बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद, गेज शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच मेन स्विच बंद. गळती असलेल्या एसीवर हे करू नये. आत हवा ओढली जाऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. नवीन घेताना आर-३२ घ्या, त्याचा आकडा ६७५ आहे.

बी_विंग_सचिव:
व्हॉल्व्ह खरंच अर्धा बंद निघाला. विक्रेता म्हणतो पंप बदलू नका, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा.

उपसा:
जुन्या पंपावर थोडं वाचेल, कारण व्हॉल्व्ह पूर्ण उघडून वेग कमी करता येईल. पण ७.५ एचपीचा पंप तिसऱ्या हिश्श्याच्या कामाला जुंपलेलाच राहणार. नव्या ३ एचपीवर तर व्हीएफडीचा उपयोगच नाही. ३२ पैकी २८ मीटर ही नुसती उंची आहे. वेग ८० टक्के केला की हेड ६४ टक्क्यांवर येतं. पाणी सहाव्या-सातव्या मजल्याशी अडकेल आणि मोटर फिरत राहील. त्या पैशात वरच्या टाकीला लेव्हल कंट्रोलर बसवा.