स्वतःचे शेत राहिले नसेल, तर नवान्न पौर्णिमेचे नवे कुठून आणावे?

प्रश्न : ओटीवरून

आमचे मूळ घर चिपळूण तालुक्यात आहे आणि गेली अठरा वर्षे आम्ही पुण्यात राहतो. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे नवान्न पौर्णिमेला, वडील पहाटे दवातच खाचरात जात आणि भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, वरी आणि बांधावरचे कुरडू घेऊन येत. हे सारे आंब्याच्या पानात धरून, झेंडूचे फूल घालून आई त्याच्या लहान लहान जुड्या बांधत असे. या जुडीलाच आम्ही नवे म्हणतो. पहिली जुडी देवाला, दुसरी मुख्य दाराला, मग तुळस, विहीर, कणगी, नांगर, आणि पुढे वडिलांनी स्कूटर घेतल्यावर तिलाही. नव्या तांदळाच्या खिरीचा नैवेद्य झाल्याशिवाय नव्या भाताचा दाणा घरात कोणी तोंडात घालत नसे.

आम्ही पुण्यात आल्यानंतरही वडील दर वर्षी गावाहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती लोंब्या पाठवत असत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यांनी शेती सोडायला लावली आणि आता आमची खाचरे पडीक आहेत. गेल्या वर्षी मी बाजारातून शोभेच्या लोंब्यांचे तोरण आणून दाराला लावले. त्या वेळी फोनवर वडील एवढेच म्हणाले, "ते आपले नव्हे." त्यानंतर त्यांनी विषय बदलला, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दुसऱ्याच्या शेतातील लोंबीने नवे बांधणे परंपरेला धरून आहे का? आणि आमच्या इमारतीत विदर्भ, मराठवाडा, गोवा अशा निरनिराळ्या भागांतील कुटुंबे असून कोजागरीला सर्वांचे एकत्र दूध होतेच, तर त्याच संध्याकाळी सर्वांना आपले वाटेल असे नवान्न करायचे झाल्यास काय करावे?

उत्तर : गरवा भात

मी रत्नागिरी जिल्ह्यात स्वतः भातशेती करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेताच्या बाजूने देतो.

भाताच्या जातींचे आपण हळव्या, निमगरव्या आणि गरव्या असे तीन वर्ग करतो. रत्नागिरी १ किंवा कर्जत ३ यांसारख्या हळव्या जाती साधारण ११५ दिवसांच्या आतबाहेर तयार होतात, निमगरव्यांना १२० ते १३५ दिवस लागतात, तर गरव्या जाती १४० दिवसांच्या पुढे जातात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी झाली, तर वरकस आणि उंचावरच्या खाचरांतले हळवे भात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस कापणीला येते, परंतु खोलगट, पाणी धरणाऱ्या मळ्यांतले गरवे भात ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्येच हाती लागते. आता पौर्णिमेकडे पाहा. २०२५ साली कोजागरी ६ ऑक्टोबरला होती, आणि २०२३ साली श्रावण अधिक आल्यामुळे ती २८ ऑक्टोबरला आली होती. तिथीमध्ये असा तीन आठवड्यांचा फरक पडतो, पण भात तिथी पाहून पिकत नाही. पौर्णिमा लवकर आली की ज्याची सगळी जमीन गरव्याची, त्याच्या खाचरात त्या दिवशी लोंबी हिरवी असते आणि दाण्यात अजून दूध असते.

अशा वर्षी ते घर नवे कशाने बांधत असेल? शेजाऱ्याच्या हळव्याने. आमच्या वाडीत आजही लवकर तयार होणारी दोनच खाचरे आहेत आणि पौर्णिमेच्या सकाळी त्यांच्या बांधावर निम्मी वाडी जमलेली असते. खाचराचा मालक स्वतः विळा चालवतो आणि ओंजळ ओंजळ लोंब्या देतो. त्याचे पैसे घेतल्याचे मी कधी पाहिलेले नाही. नाचणी आणि वरी डोंगरउतारावर होतात. त्या ज्याच्याकडे असतील तो त्या आणतो, झेंडू कोणाच्या परसातला असतो आणि आंबा तर सर्वांचाच. एका नव्यातले सगळे जिन्नस एकाच घरच्या जमिनीतले असावेत, असे आमच्याकडे तरी क्वचितच घडत असे.

त्यामुळे आपल्या वडिलांना परके वाटले असेल ते दुसऱ्याचे शेत नव्हे, असे मला वाटते. त्या तोरणातली लोंबी कोणाच्या हातून आली, हे त्यांना सांगता येत नव्हते. आपल्या खाचरांशेजारी आजही जो कोणी भात लावत असेल, त्याला आठवडाभर आधी फोन करा. त्याला ते ओझे वाटणार नाही. लोंब्या आदल्या दिवशी कापून, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून पाठवायला सांगा. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना घाम सुटतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो.

उत्तर : कुळागर

गोव्यात हाच मान आमच्याकडे भाद्रपदात असतो. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही नव्याची पंचम म्हणतो. अनेक गावांत देवस्थानाचे लोक वाजतगाजत शेतात जातात, पूजा करून कणसे कापतात आणि तीच कणसे घरोघर प्रसाद म्हणून दिली जातात. घरी ती गणपतीपुढे ठेवून मग दाराला बांधली जातात. म्हणजे ज्याच्याकडे वीतभर शेत नाही, त्याच्याही दाराला गावाचे कणीस असतेच, आणि गरवा भात यांनी जे सांगितले तेच आमच्याकडे देवळाच्या हातून होते.

ख्रिस्ती समाजातही कणसांचे फेस्त असते. सासष्टीतील राय येथे ते ५ ऑगस्टला आणि ताळगावला २१ ऑगस्टला होते. पाद्री शेतात जाऊन पहिली कणसे विळ्याने कापतात, आशीर्वाद देतात आणि कुटुंबे ती घरच्या आल्ताराशी, म्हणजे वेदीशी, ठेवतात. ऑगस्टमध्ये ती कणसे बहुधा हिरवीच असतात. आपल्या इमारतीत गोव्याचे कुटुंब आहे असे आपण लिहिले आहे, तर त्यांच्याकडील रीत अवश्य विचारा. एकाच कणसाचे दोन देव्हारे माझ्या लहानपणी आमच्या शेजारात भिंतीला भिंत लागून होते.

उत्तर : सुगरणीचा वाडा

मी फक्त खिरीविषयी लिहिते, कारण शहरात नवान्नाची खीर बिघडते ती प्रमाणामुळे. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा शिजतो, तर नवा तांदूळ लवकर गळतो आणि चिकट होतो. म्हणून नेहमीच्या अंदाजाने पाणी घालू नये.

पाऊण वाटी नवा तांदूळ धुऊन निथळावा आणि थोड्या तुपावर दोन मिनिटे परतावा, म्हणजे त्याचा गोळा होत नाही. एका मोठ्या नारळाचे पहिले दाट दूध वेगळे ठेवावे. दुसऱ्या पातळ दुधात तांदूळ मंद आचेवर शिजवावा आणि दाणा बोटाने सहज चेपला गेला की मगच एक वाटी चिरलेला गूळ घालावा. गूळ आधी पडला तर दाणा आखडतो आणि मग कितीही शिजवला तरी नीट मऊ होत नाही. गूळ विरघळल्यावर चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ घालून आच बंद करावी आणि शेवटी दाट दूध मिसळावे. त्यानंतर उकळी आणू नये, नारळाचे दूध फुटते. गाईचे दूध गुळाबरोबर नासण्याचा संभव असतो, म्हणूनही कोकणात नारळ सोयीचा ठरला असावा.

नवा तांदूळ पुरेसा मिळाला नाही, तर काळजी करू नका. आमच्याकडे अशा वर्षी लोंबीतले पाच-सात दाणे नखाने सोलून, ते साध्या तांदळाच्या खिरीत घातले जात आणि ती खीर नवान्न म्हणूनच देवाला दाखवली जाई. इमारतीतील मुलांना हे दाणे सोलायला बसवा. ज्यांनी तांदूळ केवळ पिशवीत पाहिला आहे, त्यांना टरफलाची कूस बोटाला टोचणे हे नवीन असते आणि ती मुले ते विसरत नाहीत.

जमल्यास तवसाचे, म्हणजे मोठ्या काकडीचे, धोंडसही करावे. या दिवसांत वेलावर राहिलेली, पिवळी पडलेली मोठी तवसे मिळतात. किसलेले तवस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे एकत्र करून जाड बुडाच्या भांड्यात खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवून ते भाजतात, ओव्हनमध्येही चांगले होते. दुधाबरोबर एवढे दोनच पदार्थ ठेवावेत. ताट भरले की खिरीकडे कोणाचे लक्ष राहत नाही.

उत्तर : ज्वारीचे धांडे

अकोल्याकडील एक गोष्ट सांगतो, आपल्या विदर्भातील शेजाऱ्यांना ती ओळखीची असेल. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महिनाभर मुली भुलाबाईची, म्हणजे पार्वतीची, गाणी म्हणतात आणि डब्यात काय खाऊ आहे तो डबा वाजवून ओळखायला लावतात. शेवटच्या रात्री, म्हणजे कोजागरीलाच, भुलाबाई आणि भुलोजी यांना ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मखरात बसवतात. त्या मखराची कणसे शेतातली नवी असतात. आम्ही त्याला कधी नवान्न म्हटले नाही, पण नवे धान्य घरात आणून देवाभोवती उभे करण्याची ती आमची रीत आहे.

आपला प्रश्न वाचताना मला आमचीच अडचण आठवली. आमच्या भागात खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि आता गावात मखरासाठी पाच धांडेही शोधावे लागतात. माझ्या काकू त्यासाठी दर वर्षी घरामागे एक ओळ ज्वारी पेरतात. ती पाखरे खातात, पण मखरापुरती उरते. आपल्या इमारतीच्या गच्चीवर एखाद्या मोठ्या कुंडीत जूनमध्ये हळवे भात आणि दुसऱ्या कुंडीत ज्वारी लावून पाहावी, असे मी सुचवीन. दुसऱ्याच्या शेतातल्या लोंबीत आपल्या कुंडीतल्या दोन लोंब्या मिसळल्या, तर वडिलांना ते अधिक आवडेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : ओटीवरून

सर्वांचे मनापासून आभार. काल वडिलांना गरवा भात यांचे उत्तर वाचून दाखवले. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले की आमचा खालचा मळा गरव्याचाच होता आणि लवकर आलेल्या पौर्णिमेला आमचे नवे वरच्या आळीतल्या खाचरातून येत असे. मला हे ठाऊकच नव्हते, कारण मी लोंब्या नेहमी वडिलांच्या हातात पाहिल्या होत्या. त्या घरी त्यांनी स्वतः फोन केला. त्यांचा मुलगा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एसटीने पुण्याला येणार आहे, त्याच्याबरोबर लोंब्या, नाचणी आणि दोन किलो नवे तांदूळ येतील. वरी यंदा त्यांच्याकडे नाही, ती कोणाकडून मिळते ते ते पाहणार आहेत.

इमारतीत सोळा घरे आहेत, म्हणून सोळा जुड्या बांधायच्या ठरल्या आहेत. अकोल्याच्या कुटुंबाने भुलाबाईची गाणी म्हणण्याचे आणि गोव्याच्या कुटुंबाने धोंडसाचे काम घेतले आहे. त्यांच्याकडे तवसाच्या केकसारख्या पदार्थाला तवसळी म्हणतात, हे कालच कळले. जुड्या बांधायला वडिलांना पुण्याला घेऊन येत आहे.

एक गोष्ट विचारायची राहिली. गेल्या वर्षीचे ते शोभेचे तोरण अजून दारावर आहे. जुने नवे आमच्याकडे नवीन बांधल्यावरच उतरवून खाचरात टाकत असत. ते यंदा गच्चीवरच्या कुंडीत, मातीखाली घातले तर चालेल ना?

उत्तर : गरवा भात

चालेल. मात्र त्याला रंग लावलेला असेल किंवा तार असेल, तर ती आधी काढून टाका. आणि कुंडीसाठी बियाणे लागले, तर मे महिन्यात कळवा, हळव्याचे मूठभर भात मी पाठवीन.