दुपारी बाराचं ऊन फोटोला खरंच वाईट असतं का?

तापलेला_पत्रा (धाराशिव):
परवा एका ग्रुपवर वाचलं, 'अकरा ते चार कॅमेरा बॅगेतून काढूच नका.' मग मराठवाड्यात मे महिन्यातल्या लग्नाचे फोटो काढायचे कधी? मुहूर्त साडेबाराचा असतो बाप्पा! माझ्या मते कडक उन्हातच आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचे चेहरे बोलतात. एकेक सुरकुती कोरल्यागत दिसते. सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढची पांढऱ्या कापडाची पेटी, उजेड मऊ करणारी) लावला की सगळे क्रीमच्या जाहिरातीतले.

डाळमिल_लातूर:
म्हाताऱ्यांचं ठीक, पण नवरीला विचारा. ऊन डोक्यावर आलं की कपाळाची सावली डोळ्यात आणि नाकाची ओठावर. बहिणीच्या लग्नात फोटोग्राफरनं भर दुपारी गच्चीवर उभं केलं. अल्बममध्ये दाजींना मिशी आहे. दाजींना मिशी नाही.

तापलेला_पत्रा:
😂 ते पाप उन्हाचं नाही, उभं करणाऱ्याचं. दाजींना चार पावलं मागं ओसरीत घ्यायचं. समोरच्या अंगणातल्या फरशीवरून उसळलेला उजेड तोंडावर येतो, एकदम मऊ. दिवा जेवढा पसरट, तेवढी सावली मऊ. सूर्य आपल्याला रुपयाएवढा दिसतो म्हणून सावलीला धार. ढग आले की आख्खं आभाळच दिवा होतं.

मोंढा_नाका:
ओसरी आता राहिली कुठं? सगळं मंडपात. पिवळ्या कापडातून ऊन गाळून येतं आणि नवरदेवापासून भटजीपर्यंत सगळ्यांना कावीळ. ऑटोवर सोडू नका, कुणाच्या तरी पांढऱ्या धोतरावर व्हाइट बॅलन्स सेट करा, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरं कुठलं ते दाखवा. रात्री हॅलोजनमध्ये फ्लॅश मारला तर आणखी मजा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळट: हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास, फ्लॅश ५५०० च्या. एक गाल नारिंगी, एक निळा.

वेरूळ_फाटा:
पत्रेसाहेब, तुम्ही कडकपणा आणि दिशा एकत्र कालवताय. वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. कैलासच्या अंगणातला हत्ती बाराला बघा, नुसती पाठ चमकते. उतरत्या उन्हात बघा, तोच दगड भरीव दिसतो. ऊन तेव्हाही कडकच असतं, फक्त तिरकं. म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यासुद्धा तिरक्या उन्हानंच दिसतात, डोक्यावरच्या नाही.

तापलेला_पत्रा:
हे मात्र मान्य. माझे सुरकुत्यांचे फोटो आठवले, बहुतेक सकाळी नऊचे आहेत.

डाळमिल_लातूर:
मग भटजींना सांगा, गोरज मुहूर्त काढा. तिरकं ऊन, सोनेरी उजेड, सगळंच जमतं.

मोंढा_नाका:
धरला होता गोरज, चुलतभावाचा. परण्या (नवरदेवाची मिरवणूक) मारुतीपुढं दोन तास नाचला. अक्षता पडल्या साडेआठला. हॅलोजनवरच काढले फोटो.