शब्द हवा: 'कल्चरल सेफ्टी' म्हणजे सांस्कृतिक सुरक्षितता?

परिचारिका, पुणे: कॅन्सर वॉर्डात काम करते. आदिवासी रुग्णांच्या शुश्रूषेबद्दल नव्या सिस्टरांसाठी टिपण लिहितेय. 'सांस्कृतिक सुरक्षितता' लिहिलं, तर एकीने विचारलं, "म्हणजे संस्कृती जपायची का?" दुसरा शब्द सुचवा.

भाषांतरकार: तिचं चुकलं नाही. 'सीमा सुरक्षा' म्हटलं की जपायची ती सीमा. तसंच इथेही ऐकू येतं. मूळ कल्पना न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरी समाजातल्या परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांची. तिथल्या नर्सिंग कौन्सिलने १९९२ मध्ये ती शिक्षणात आणली. सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं, हा तिचा गाभा. म्हणून 'संस्कृतीसंवेदनशील'ही नको. त्यात संवेदनशील ठरते ती सिस्टर. माओरी नाव आहे 'कावा फाकारुरुहाउ'. त्यातल्या दुसऱ्या शब्दात आसरा, आडोसा असा अर्थ आहे.

परिचारिका, पुणे: आडोसा वाचून एक कातकरी मावशी आठवल्या. तोंडाचा कॅन्सर. स्कॅनआधी त्यांच्या गळ्यातला काळा दोरा मी न विचारता कापला, कचऱ्यात टाकला. वर "मिश्री लावून ओढवून घेतलंस" असंही बोलले. पुढे कधीही "दुखतंय का?" विचारलं की "नाय" एवढंच. वेदनेच्या तक्त्यावर मी शून्य लिहीत राहिले आणि त्या रात्रभर कळा सोसत होत्या. औषध तिथेच होतं. त्यांनी मागितलं नाही, आणि का मागितलं नाही ते मला फार उशिरा कळलं.

जुन्नरकडचा: याला आमच्याकडे 'बुजणं' म्हणतात. बुजलेला माणूस सगळ्याला "हो हो" म्हणतो आणि पुढच्या केमोला येत नाही. कागदावर 'उपचार सोडला' अशी नोंद होते. आम्ही आईला मायेने 'तू' म्हणतो, पण वॉर्डात शेजारच्या खाटेला 'अहो' आणि आमच्या आईला 'ए', हा फरक बरोबर ऐकू येतो. माझ्या मते शब्द 'निर्धास्त'. धास्ती कोणाची गेली, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

परिचारिका, पुणे: पटलं. 'रुग्णाला निर्धास्त वाटेल अशी शुश्रूषा' लिहिते. त्याखाली पहिलंच: दोरा, ताईत काढण्याआधी कारण सांगावं, त्यांच्याच हाताने काढू द्यावा, घरच्यांकडे सोपवावा. नाम म्हणून 'निर्धास्तपणा' चालेल?

भाषांतरकार: शीर्षकात चालेल. आत मात्र वाक्यच ठेवा. त्यात 'कोणाला' हे लिहावंच लागतं.