मूळ गावाला एका दिवसात जाऊन आलात? अनुभव लिहा

कृष्णाकाठ :
पूर्वज जिथून बाहेर पडले त्या गावाला घरच्या सगळ्यांना घेऊन सकाळी जायचं आणि रात्री परत यायचं, अशी फेरी कोणी कोणी केली आहे? सुरुवात मी करते.

आम्ही पुण्याहून वाईला गेलो. आईचं आजोळ गणपती आळीतलं. वाड्याच्या जागी आता इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. आई थोडा वेळ समोर उभी राहिली आणि म्हणाली, "चला, गणपतीला जाऊ." ढोल्या गणपतीच्या देवळात मात्र ती खुलली. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ नदीला अगदी खेटून बांधलं, म्हणून मागची भिंत निमुळती केली. पूर आला की पाणी दोन्ही बाजूंना फुटतं. पुरात आजीला शेजारच्या माडीवर नेऊन ठेवत, हे लहानपणापासून ऐकत आले होते. भिंत बघितल्यावर ते पहिल्यांदा खरं वाटलं. दुपारी मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यात पोरं कंटाळली, पण घाटावरच्या घंटेपाशी हलेनात. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हाची ती घंटा. एवढी जड वस्तू घाट चढवून आणली कशी, यावर परतीच्या वाटेवर जोरदार भांडण झालं.

रातांबा :
गुहागर. आम्ही चिपळूणला राहतो म्हणून एका दिवसात जमतं. पुण्याहून करू नका, कंबर जाते. व्याडेश्वराला अभिषेक केला आणि घर शोधायला निघालो. वाडीत शिरल्याशिरल्या पहिला प्रश्न, "जागा विकायला आलात काय?" काकांनी सातबाऱ्याचा कागदच पुढे केला. त्यावर इतकी नावं, की विकायची म्हटली तरी सगळ्यांना बसवायला मांडव घालावा लागेल. हे पटल्यावर कोकम सरबत आलं. घराला कुलूप होतं, किल्ली कोणाकडे ते अजून कळलेलं नाही.

मोडीवाली :
माझं थोडं विषय सोडून. मूळ गाव खानदेशात, पण तिथं आता आमचं म्हणावं असं कोणी नाही. बाबा म्हणाले, त्यापेक्षा त्र्यंबकेश्वरला जाऊ. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की कोणाकडे जायचं ते तिथलेच लोक सांगतात. गुरुजींनी फडक्यात बांधलेली जुनी वही सोडली. आधीची पानं मोडीत. ते भराभर वाचत गेले : कोण आलं, बरोबर कोण होतं, कशासाठी आले. पणजोबांची नोंद निघाली, खाली त्यांची सही. आमच्या घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही. बाबा सहीवर बोट ठेवायला गेले तर गुरुजींनी हात धरला, म्हणाले शाई जाते.

मग आत्याने विचारलं, "यात मुली कुठं आहेत?" आमच्या पानांवर नुसते मुलगे, फार तर सुना. गुरुजी हसले. नव्या नोंदीत आत्या, मी, माझी मुलगी, सगळ्यांची नावं त्यांनी लिहिली. सही करायला आत्याने बाबांच्या आधी पेन घेतलं!

ठाण्याची_खाडी :
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनावातच रायगडातलं गाव आहे, तसं आमच्यात बहुतेकांचं असतं. इस्राएलमधल्या अश्दोदहून आतेबहीण आली होती, तिला घेऊन अलिबागला गेलो. आधी नवगाव. पूर्वजांचं गलबत तिथं फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं आम्ही मानतो. तिथं स्मारक आहे. पूर्वी आम्हाला 'शनिवार तेली' म्हणत, कारण तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद. बहिणीचं मराठी तिच्या आईकडून आलेलं, जुनं. चहाच्या टपरीवर तिनं सांगितलं, "आमचे आजे कुलाबा जिल्ह्यातले." पोरगा म्हणाला, "मॅडम, कुलाबा मुंबईत." जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, त्याचा जन्म त्यानंतरचा! मागेन अबोथ सिनेगॉग बघितलं, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या (एलिया प्रेषिताच्या) स्थानावर मलिदा, म्हणजे आमचा आभाराचा विधी, केला. गोड पोहे बहिणीनं दोनदा घेतले.

निळी_शाई :
वरचे अनुभव वाचले. आमच्याकडे या फेरीचा उत्साह आजीला कधीच नव्हता. "गावाच्या बाहेर राहत होतो, आता आत काय बघायला जाऊ?" असं ती म्हणायची. आमचं गाव महाडजवळ. पणजोबा २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेलेल्यांत होते, असं घरात सांगतात, म्हणून आम्ही महाडला जातो. गेल्या खेपेला वडिलांनी गाडी पुढे गावाकडे वळवली. आजी उतरली, विहीर बघितली, जुन्या वस्तीत एका बाईशी बोलली. देवळाकडे चला असं कोणी तरी म्हणालं, तर म्हणाली, "उन्हाचं नको." नातवंडांना मात्र विहिरीजवळ उभं करून तिनं फोटो काढायला लावला. मूळ गाव म्हटलं की सगळ्यांनाच भरून येतं असं नाही, एवढंच लिहायचं होतं.

कृष्णाकाठ :
बरं झालं लिहिलंत. माझ्या प्रश्नातच ते गृहीत धरलेलं होतं.

रातांबा :
मोडीवाली, त्र्यंबकला जाताना काय माहिती न्यावी?

मोडीवाली :
आडनाव बदललं असेल तर आधीचं, मूळ गाव आणि तालुका, आजोबा-पणजोबांची नावं. दक्षिणा आधीच विचारून घ्या. आणि श्रावणी सोमवारी अजिबात जाऊ नका, वही उघडायला कोणाला फुरसत नसते.