डाउन रन सोपी? मांड्यांना विचारा

कॉम्रेड्स ही दक्षिण आफ्रिकेतली सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत. ती पीटरमारित्सबर्गहून खाली डर्बनकडे असते तेव्हा तिला डाउन रन म्हणतात. 'कॉम्रेड्स डाउन रन असेल, तर चढाचा सराव कमी केला तरी चालेल' असं एका धावपटूचं म्हणणं वाचलं. अर्धंच पटलं. पीटरमारित्सबर्गहून डर्बनला उतरताना सुरुवातीला चढच चढ आहेत. आणि खरा घात उतार करतो. फील्ड्स हिल हा लांब, तीव्र उतार येतो तो पासष्टेक किलोमीटर पाय झिजल्यावर. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यामुळे त्याचे तंतू जास्त फाटतात. दम शाबूत, पण पाय संपलेले! दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना कठडा धरून उलटा उतरणारी मंडळी पाहिलीत, मीही त्यांतलाच.

आपल्याकडे सिंहगडचा घाट धापा टाकत चढायचा आणि खाली मिळेल त्या गाडीने यायचं, ही जुनी खोड. डाउन रनसाठी उतरणंही पळतच हवं: छोटी पावलं, पाय शरीराच्या खालीच पडेल असे, टाच पुढे आपटायची नाही. पहिल्या खेपेला दोन-तीन दिवस मांड्या ठणकतात, पण स्नायू ते लक्षात ठेवतात आणि पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने कमी दुखावतात. शेवटचा मोठा उतार मात्र शर्यतीच्या तीनेक आठवडे आधीच उरका.