मायक्रोस्कोपचा आयपीस दुर्बिणीला चालेल का?

रोहिणी_नक्षत्र: माझी दुर्बीण ७० मिमी व्यासाची, फोकल लेंथ (भिंगापासून समांतर किरण एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचं, म्हणजे फोकसपर्यंतचं अंतर) ७०० मिमी. शाळेच्या मायक्रोस्कोपचा १०एक्स (१० पट) आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, तिला लावता येईल का? आणि त्याच मायक्रोस्कोपचा ४०एक्स ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे वस्तूकडचं भिंग, पुढे बसवला तर चंद्र आणखी मोठा दिसेल का? दोन्हींत बहिर्गोल भिंगंच तर असतात.

भिंगवाला: ऑब्जेक्टिव्हचं आधी सांगतो. त्याची फोकल लेंथ जेमतेम ४ मिमी. स्लाइड फोकसच्या किंचित पलीकडे असते, म्हणून प्रतिमा वर नळीत लांब, ४० पट मोठी पडते. चंद्राचे किरण मात्र समांतर येतात आणि प्रतिमा थेट फोकसवर पडते. तिचा व्यास फोकल लेंथच्या साधारण ११०वा हिस्सा: ७०० मिमीला ६ मिमीहून जास्त, ४ मिमीला ०.०४ मिमीसुद्धा नाही. १०एक्स आयपीसची फोकल लेंथ म्हणजे २५० मिमी (डोळ्याने जवळून स्पष्ट पाहण्याचं ठरीव अंतर) भागिले १०, अर्थात २५ मिमी. दुर्बीण किती पट दाखवते ते म्हणजे पुढच्या भिंगाची फोकल लेंथ भागिले आयपीसची; ४ भागिले २५ केलं की कळेल, चंद्र सहापट लहान दिसेल!

तिसरा_डोळा: आयपीस मात्र जरूर लावून पाहा, ७०० भागिले २५ म्हणजे २८ पट मिळेल. मायक्रोस्कोपचा आयपीस बहुधा २३.२ मिमी व्यासाचा आणि फोकसर (दुर्बिणीची आयपीस बसवायची नळी) ३१.७ मिमीचा, त्यामुळे मध्ये रिंग लागेल. ती सैल किंवा तिरकी बसली तर एका बाजूचे तारे फराटल्यासारखे दिसतात. ४०एक्स ऑब्जेक्टिव्हकडून आयपीसला एफ/३०च्या आसपासचा प्रकाशाचा निमुळता शंकू मिळतो (एफचा आकडा जितका लहान, तितका शंकू रुंद). तुमची दुर्बीण एफ/१० (७०० भागिले ७०) आहे, शंकू जास्त रुंद, म्हणून तिथे कडा थोड्या मऊ पडतील. एफ/५ न्यूटोनियनवर (आरशाच्या दुर्बिणीवर) त्या पार बिघडतात. कॉम्पेन्सेटिंग आयपीस टाळा. तो मायक्रोस्कोप ऑब्जेक्टिव्हचा रंगदोष खोडायला बनवलेला असतो, दुर्बिणीत उलट कडेच्या ताऱ्यांना रंग चढवतो.

रोहिणी_नक्षत्र: आभार. मग दुर्बिणीचं भिंग मायक्रोस्कोपला?

भिंगवाला: वस्तू १४०० मिमीवर ठेवलीत तर प्रतिमाही मागे १४०० मिमीवर, मूळ आकाराचीच. म्हणजे नळी ७०० मिमीने वाढवायची आणि मिळणार काय, तर सुमारे १३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) तपशील. ४०एक्स, एनए (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेतं त्याचं माप) ०.६५ चा ऑब्जेक्टिव्ह अर्ध्या मायक्रॉनपर्यंत जातो. दूरच्या ताऱ्यासाठी भिंगाचा व्यास मोलाचा. जवळच्या पेशीसाठी, भिंग तिच्याकडून किती रुंद कोनातला प्रकाश घेतं ते. इतक्या रुंद कोनात ०.१७ मिमीची कव्हरस्लिपही (स्लाइडवरची पातळ काच) हिशेबात धरलेली असते, ती विसरलात तर ४०एक्सला चित्र धुरकट येतं.