विषय: सोलापूरला आईकडे बाई ठेवताना चौकशी कशी करायची?

लेस्टरहून

नमस्कार मंडळी,

आई जुळे सोलापुरात एकटी असते, वय 81. विसरणं फार वाढलंय. ब्यूरोकडून चोवीस तासांची बाई ठेवली होती. व्हिडिओ कॉलवर फोन कायम बाईच्याच हातात असायचा, आणि आई उत्तर देण्याआधी दर वेळी कॅमेऱ्याच्या बाजूला बघायची. गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी मामेबहीण घरी गेली, तर आईच्या दंडावर बोटांचे वळ होते. झोपेच्या गोळ्या महिनाभराच्या भरून ठेवल्या होत्या, त्या पंधरवड्यातच संपल्या होत्या. बाईला त्याच दिवशी काढलं.

आता ब्यूरोवाले म्हणतात, दुसरी पाठवतो, पोलीस व्हेरिफिकेशन झालेली आहे. या कागदावर कितपत विसंबायचं?

स्लाउहून

ताई, वाचून झोप लागली नाही. माझेही आईवडील विजापूर रोडला दोघंच आहेत. मला वाटतं, आपण मंडळातच एक यादी करू. ज्याला असा अनुभव आला त्यानं बाईचं नाव, फोटो आणि ब्यूरो कळवायचा. इंग्लंडात अशी सरकारी यादी आहेच की, मग सोलापूरसाठी आपण का करू नये?

बर्मिंगहॅमहून

ताई, दादा,

मी इथल्या एका केअर होममध्ये मॅनेजर आहे, माणसं घेण्याचं काम माझ्याकडेच असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, पहिलं काम म्हणजे आईंना डॉक्टरांना दाखवून वळांची नोंद कागदावर घ्या. मामेबहिणीनं फोटो काढले असतील तर तारखेसकट जपून ठेवा.

आता इथल्या यादीबद्दल. डीबीएस म्हणजे नोकरीआधी माणसाची पूर्वपीठिका तपासणारी इथली सरकारी संस्था, तिच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक प्रमाणपत्र, त्यात प्रामुख्यानं पोलिसांकडची नोंद येते. दुसरी बंदीची यादी, म्हणजे हे काम करायला मनाई केलेल्यांची, आणि आजारी, वृद्ध, अपंग प्रौढांसाठी ती वेगळी ठेवलेली आहे. या यादीत कोर्टात शिक्षा न झालेला माणूसही येऊ शकतो. कारण इजा केली म्हणून कुणाला कामावरून काढलं, तर ते डीबीएसला कळवणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. काढण्याआधी त्यानं स्वतःच राजीनामा दिला तरी कळवावं लागतं. न कळवणं हा गुन्हा. बंदी असलेल्या माणसानं हे काम केलं तर त्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि माहीत असून त्याला ठेवणाराही सुटत नाही.

हे सगळं आलं कुठून? 2002 मध्ये सोहम गावात शाळेच्या केअरटेकरनं दोन लहान मुलींचा खून केला. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात तक्रारी झाल्या होत्या, पण नोकरी देताना त्या पुढे आल्याच नाहीत. चौकशी समितीचा अहवाल 2004 मध्ये आला आणि 2006 मध्ये कायदा झाला, मुलांसाठी आणि असहाय प्रौढांसाठीही. म्हणजे कागद तपासला जात नव्हता एवढाच प्रश्न नव्हता, घडलेलं त्या कागदापर्यंत पोचतच नव्हतं.

ताई, रागवू नका, पण तुमच्याकडेही तेच होतंय. बाईला काढलं, तक्रार केली नाही. म्हणजे पोलिसांच्या नोंदीत ती आजही कोरी आहे, आणि उद्या ब्यूरो तिला दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी याच कागदावर पाठवेल. भारतात काळजी घेणाऱ्या माणसांची अशी बंदीची यादी नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 मध्ये सुरू झाली, पण ती फक्त पोलिसांना बघता येते, आणि मारहाण किंवा गोळ्या चारून झोपवून ठेवणं तिच्यात बसत नाही. तेव्हा तक्रार हाच आपल्या हातातला एकमेव दस्तऐवज आहे.

दादा, तुमच्या यादीला मात्र माझा ठाम विरोध आहे. इथं नाव घालण्याआधी त्या माणसाला आपली बाजू मांडता येते, नंतर अप्पर ट्रिब्युनलकडे अपीलही करता येतं. आपल्या यादीत पगारावरून भांडण झालं तरी नाव चढेल, आणि ते पुसणारं कुणी नसेल. सोलापुरात या कामाला येणाऱ्या कितीतरी बाया विड्या वळून भागत नाही म्हणून आलेल्या असतात. लंडनमधून कुणीतरी फोटो फिरवला की त्यांनी दाद कुणाकडे मागायची?

नवीन बाईच्या आधीच्या दोन घरांचे नंबर मागा आणि घरच्या माणसाशी स्वतः बोला. "का सोडलं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. पडताळणीसाठी आईंच्या नावे ठाण्यात अर्ज द्या. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली केंद्रानं राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत, ज्येष्ठांनी विनंती केल्यास घरकामाच्या माणसांची पूर्वपीठिका पोलिसांनी तत्परतेनं तपासावी असं म्हटलंय. गोळ्यांचा आठवड्याचा डबा मामेबहिणीनं भरावा, बाकीच्या कुलपात. आणि तिनं कधीही, न कळवता जावं.

स्लाउहून

वहिनी, यादीचं पटलं. पण तक्रारीच्या फेऱ्या कोण मारणार? आम्ही इथं, आईवडील थकलेले, आणि ताईंच्या आईंना तर काय झालं तेही नीट सांगता येणार नाही.

बर्मिंगहॅमहून

दादा, गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतं, आईंनीच द्यायला हवी असं नाही. जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 प्रमाणे ती इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते, मात्र देणाऱ्यानं 3 दिवसांत सही करावी लागते. म्हणून जिनं वळ डोळ्यांनी पाहिले त्या मामेबहिणीनंच द्यावी. आधी सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे, तिनं तिथूनच लावावी.

लेस्टरहून

वहिनी, मामेबहिणीशी बोलले. फोटो आहेत, तारीखही आहे. ती उद्या ठाण्यात जातेय. मधल्या काळात आईकडे धाकटी मावशी अक्कलकोटहून येऊन राहील. अर्जाचा मसुदा आज रात्री तुम्हाला पाठवते, वळ आणि गोळ्या एकाच अर्जात लिहायचं का तेवढं बघा.